मेवासिंगची चढाई

निरोप

“मेवासिंग चढाई कर गए, बेटी.”

दारातला म्हातारा एवढंच बोलला आणि थांबला. मनकर्णाबाई नुकतीच रेच्यावरून परतली होती. रेचा म्हणजे कापसातून सरकी काढायचं लाकडी यंत्र. त्या वर्षी सगळी अमरावती रेच्यांच्या करकरीत जागी होत होती आणि त्याच करकरीत निजत होती. मनकर्णाबाईच्या केसांवर, भुवयांवर, पापण्यांवर कापसाचे तंतू बसले होते. पांढऱ्या पापण्यांमधून तिला म्हातारा धुक्यात उभा असल्यासारखा दिसला. उंच, निळा फेटा, एक डोळा मिटलेला.

तिनं ओळखलं. हे बाबा टहलसिंग. कापसाच्या गाड्यांसोबत अमरावतीहून अकोल्याला पहारा देत जाणाऱ्या शिखांमधले सगळ्यांत वडील. तिचा नवरा त्यांच्याच हाताखाली होता.

“चढाई? कुठी?” तिनं विचारलं.

“हजूर ने बुला लिया.”

तिचा जीव भांड्यात पडला. हजूर म्हणजे नांदेड, एवढं तिला ठाऊक होतं. मेवासिंग आपल्या गावाला कधी नांदेड म्हणत नसे, हजूरच म्हणे. आणि गाड्यांच्या पहाऱ्यावर येण्याआधी तो निजामाच्या फौजेत शिपाई होता. शिपायाला पुन्हा बोलावणं आलं, तो मोहिमेवर गेला. यात नवल काय?

“तरास तर नाई न झाला?”

“दो दिन ताप. फिर कुछ नहीं. हलके हो के गए.”

हेही पटण्यासारखं होतं. ताप येऊन उतरला असेल. हलकं होऊन गेला, म्हणजे ओझं मागं टाकून गेला. बाबांच्या हातात पुरावाच होता: पितळी लोटा आणि घडी घातलेला निळा फेटा.

“एकलेच गेले का?”

“सवालाख,” बाबा म्हणाले.

मनकर्णाबाई हसली.

बाबांनी आपला चांगला डोळा तिच्यावर रोखला आणि मग खाली घेतला. ती म्हणाली, बसा. घरात जाऊन तिनं कणीक, तूप आणि गूळ समसमान मोजून घेतलं आणि शिरा भाजायला बसली. दारात शीख आला तर त्याला हा शिरा द्यायचा, तो दोन्ही हातांनी घेईल, हे नवऱ्यानं शिकवलं होतं. ते त्याला कडाह म्हणायचे. बाबांनी दोन्ही हातांनी घेतला. खाताना त्यांच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी आलं, मिटलेल्यातूनही. निघताना त्यांनी वाकून तिच्या पायांना हात लावला.

ती दचकून मागं झाली. यांच्यात असं असेल, असं तिला वाटलं.

चढाई

मेवासिंग चार दिवसांपूर्वी अकोल्यात मेला होता. म्हाताऱ्यानं तेच सांगितलं होतं.

सवालाख

या शिखांची एक बोली होती. फौजेतली, थट्टेची. जंगलात उपाशी राहून लढणाऱ्या माणसांनी कधीकाळी केलेली. तिच्यात एकटा शीख म्हणजे सवालाख. “आज कितीजण जेवायला?” असं तिनं विचारलं की मेवासिंग म्हणे, “सवालाख.” म्हणजे तो एकटा. भाजलेले हरभरे म्हणजे बदाम. कांदा म्हणजे रुपं. खोलापुरी दरवाज्याशेजारची त्यांची गळकी झोपडी म्हणजे शीशमहाल. एकाक्ष माणूस म्हणजे लाखनेत्री, त्याला लाख डोळ्यांचं दिसतं. घरात दाणा नसला तर “लंगर मस्तीत आलं” म्हणायचं.

लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात लंगर बऱ्याचदा मस्तीत होतं. दोघं शीशमहालात बसून बदाम आणि रुपं खात. पाणी गळायचं, आणि हसून हसून तिच्या पोटात दुखायचं. गरिबी असते आणि तिला दुसरं नाव देता येतं, हे तिला तोवर कोणी सांगितलं नव्हतं.

काळी माती

तिचं हे दुसरं लग्न, पाटाचं. पहिलं मूर्तिजापूरकडच्या एका खेड्यात झालं होतं. तेव्हा ती नऊ वर्षांची होती, आणि चौदाव्या वर्षी दगडावर हात ठेवून तिच्या बांगड्या फोडल्या होत्या. एक काच मनगटात शिरली. दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला तर कावळा शिवेना. ऊन डोक्यावर आलं. सासऱ्यानं मेलेल्या पोराला हात जोडून विचारलं, बाबू, तुयं काय राह्यलं? मग सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं.

कावळा दुपार टळल्यावर आला. त्या दुपारचा हिशेब तिच्या माथी राहिला, तो पुढं आठ वर्षं.

हे तिनं मेवासिंगला सांगितलं होतं. पितृपक्षात ती बापाच्या नावानं घास घेऊन आळीच्या भिंतीशी उभी होती आणि कावळ्यांना हाका मारत होती, तेव्हा. तो दाढी विंचरत होता.

“कावळा भुका असंन तर दे त्याले,” तो म्हणाला. चार वर्षांत त्याची वऱ्हाडी तिच्याइतकीच झाली होती. “पन त्याले डाकेचा हरकारा नको करू. त्याच्याहातून बापाले डबा नको धाडू.”

ती रागावली. तो हसला नाही. उठून आला, तिच्या हातातला घास घेतला आणि भिंतीवर ठेवला. कावळा लगेच आला.

“पाह्य,” तो म्हणाला. “भूक होती.”

मन

मनकर्णा हे नाव त्याला लांब वाटे. तो नुसतं ‘मन’ म्हणे.

तो पहाटे आंघोळ करून दाराशी बसे आणि डोळे मिटून काही गाई. तिला त्यातलं काही कळत नसे, पण दर दोन ओळींमागं ‘मन’ येई. ‘मन’ म्हणताना त्याचा आवाज खाली येई, जसा रुसलेल्या माणसाशी बोलताना येतो. पाटाच्या पहिल्या महिन्यात ती चुलीपुढून दरवेळी “ओ” म्हणे. तो थांबत नसे. तिला वाटे, हा देवापुढं बसून रोज आपली विनवणी करतो, आपल्याला दटावतो, आपल्याला जागं हो म्हणतो. लाजून ती भाकरी करपवी.

एक दिवस तिनं विचारलं, देवापुढं माह्यं नाव काहून घेता एवढं?

मेवासिंग आधी समजलाच नाही. समजल्यावर तो हसत हसत अंगणात आडवा झाला. मग डोळे पुसून त्यानं सांगितलं, की ते मन म्हणजे ज्याचं त्याचं मन. गुरूंनी मनाला हाक मारायला शिकवलं आहे. आत उजेड आहे, तो देवाचाच, त्याला कोणी हाक मारायची गरज नाही. हाक मारायची ती मनाला. भटकतं ते मन. मी, मी म्हणतं ते मन.

“मंग मी ओ देत होती तवा तुमी थांबवलं काहून नाई?”

“मले वाटे, चांगलं आहे,” तो म्हणाला. “कोनाचं तरी मन ओ देऊन राह्यलं.”

सरकी

सगळं शहर कापसाचं झालं होतं. दूर कुठं अमेरिकेत लढाई लागली होती, आणि तिथला कापूस विलायतेला जाईना म्हणून वऱ्हाडातला जात होता. लोकांनी गाद्या उसवल्या, उशा उसवल्या. वाऱ्यावर कापूस उडे, वरणात पडे, अंबादेवीच्या कळसाला चिकटे. भरदुपारी आळीत उभं राहिलं की तंतू इतक्या हळू खाली येत की आपणच वर जातो आहोत असं वाटे.

अशाच एका दुपारी मेवासिंग रेच्याच्या शेडात आला. पार्बताबाई रेचा फिरवत होती आणि मनकर्णाबाई समोर बसून त्यात कापूस घालत होती. त्यानं खाली पडलेली एक सरकी उचलली, दातात धरली.

पार्बताबाई म्हणाली, “सरदार, मानूस मेल्यावर तुमच्यात कुठी जाते? आमच्यात तर यम येते रेड्यावर.”

त्यानं सरकी तिच्या तळहातावर ठेवली. हे मन, म्हणाला. याला काळ्या मातीत टाकलं की पुन्हा रोप, पुन्हा बोंड, पुन्हा हा रेचा. याला पुन्हा पुन्हा यायचंय. आणि ही रुई... तो थांबला. रुईला बी नसतं. ती एकदा मोकळी झाली की तिला परत यायचं कारण नाही. सूत होते, सुताचं कापड होतं, मग कोणती रुई कोणत्या शेतातली, कोण निवडून दाखवील?

“पन सरकी काढाची कशी?” पार्बताबाईनं विचारलं.

“तेच काम जन्मभर,” तो म्हणाला. “तुमी दिवसाला किती काढता. आमची एक निघत नाई.”

( )

एकदा तिनं विचारलं होतं, तुमच्या बोलीत सगळ्याले नाव आहे, मग मरनाले काय म्हन्ता?

तो फेट्याचं टोक खोचत होता. म्हणाला, “हा शब्द तुले माह्या तोंडून नाई ऐकाचा. बाकीचे सांगतीन.”

तिनं पुढं विचारलं नाही. तेवढा एक शब्द शिकायचा राहिला.

हजूर

वर्ष गेलं. ती रोज रेच्यावर जात होती. निळा फेटा दर अमावास्येला अंबानाल्यावर धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवत होती; आला तर स्वच्छ पाहिजे. पितृपक्षात तिनं बापाच्या नावानं घास ठेवला. नवऱ्याच्या नावानं ठेवायचं मनात येण्याचं कारणच नव्हतं. संक्रांतीला सुवासिनींमध्ये बसून वाण घेतलं. हिरव्या बांगड्या दोनदा भरल्या.

रेच्यावर बसताना बांगड्या काढाव्या लागत, रुळात काच जायची भीती. पार्बताबाई बांगड्या काढल्यावर मनगटाला सुताचा धागा गुंडाळी. नवरा जिवंत असताना हात मोकळा ठेवू नये. मनकर्णाबाईला धागा लागत नसे. तिच्या उजव्या मनगटात मेवासिंगनं दिलेलं लोखंडी कडं होतं.

शेडाच्या भिंतीत एक कोनाडा होता. दोघींच्या बांगड्या दिवसभर त्यात पडलेल्या असत. संध्याकाळी त्यांच्यावर बोटभर कापूस साचलेला असे. दोघी फुंकर मारून त्या हातात चढवीत.

“काय मनकर्णे, कुठी आहेत तुहे सरदार?” पार्बताबाई रोज विचारी.

“चढाईवर.”

“कवा येतीन?”

“मोहीम झाली का येतीन.”

पार्बताबाईनं कधी टोमणाही मारला: नांदेडात दुसरी केली असंन, बाई. मनकर्णाबाई म्हणे, करू दे, तिले शीशमहाल देतीन. आणि दोघी हसत. त्या एका वर्षात तिची वाट पाहणं इतकं शांत होतं की पुढं तिला ते वर्ष कोणी उधार दिल्यासारखं वाटत राहिलं.

वैशाखात बातमी आली, अमेरिकेतली लढाई थांबली. अडते तोंडं पाडून बसले. रस्त्यावरच्या गाड्या जिथल्या तिथं उभ्या राहिल्या. पार्बताबाई रेचा थांबवून म्हणाली, “लढाई सरली म्हन्तात. आता येतीन तुहे.”

मनकर्णाबाईलाही क्षणभर तसंच वाटलं.

बरसी

तिसऱ्या दिवशी उन्हं कलताना बाबा टहलसिंग आले. खांद्यावर केशरी कापडाची घडी होती. एका वर्षात ते फार वाकले होते. मनकर्णाबाईनं त्यांच्या मागं पाहिलं. आळीत दुसरं कोणी नव्हतं.

बाबा बसले. हे कापड तुझ्यासाठी संगतीनं, आपल्या शीख मंडळीनं, पाठवलं आहे, म्हणाले. मानाचं आहे. आज बरस झालं. मी तुझी गोष्ट तिथं सांगितली, आणि आता कोणाच्या घरी असा दिवस आला की बाया त्या बाईजवळ बसून तीच सांगतात. वऱ्हाडात एक आहे, रेच्यावर काम करते. निरोप ऐकला, आणि रडली नाही. हसली. उठून कडाह केलं. देवाचा हुकूम डोक्यावर घेतला. तिचा धनी तर धनी, तिचं मनही पोचलेलं.

“कोनाची गोष्ट, बाबाजी?”

“तेरी, बेटी.”

“मी काय केलं?” ती गोंधळली. “ते हजूरले गेले म्हनून शिरा केला. ते... संगं नाई आले?”

बाबांचा हात दाढीवर होता, तो तिथंच राहिला.

“उस दिन तूने क्या सुना था?”

“तुमी सांगतलं तेच. चढाईवर गेले.”

वाऱ्यानं दोरीवरचा निळा फेटा हलला. बाबांनी तो पाहिला. एक डोळा, लाख डोळ्यांचं पाहणारा. त्या दिवशी त्याला एक बाई दिसली नव्हती.

मरणाचा शब्द बाबांच्या तोंडात नव्हता. साठ वर्षांत त्यांनी आपल्या माणसासाठी तो वापरला नव्हता. जो गेला तो चढून गेला, मोहिमेवर निघाला, असंच म्हणायचं असतं. मागचे रडत बसू नयेत म्हणून.

“मर गया, बेटी,” बाबा म्हणाले. “मेवासिंग मर गया.”

ती उभी होती ती खाली बसली. मातीत बोटानं एक रेघ ओढली. तिच्या लक्षात आलं, चढाई, हाच तो राहिलेला शब्द. तो म्हणाला होता, बाकीचे सांगतीन. त्यांनी सांगितला होता. तिनं ऐकला होता. वर्षभर रोज पार्बताबाईला तीच तो सांगत होती.

ती म्हणाली, “पिंड कोनं ठेवला?”

“हमारे में नहीं रखते.”

“वर्षभर उपाशी आहेत ते.”

“कौन?” बाबांनी हळू विचारलं. “भूख देह को थी. देह की राख हमने मोर्णा नदी में छोड़ी. घोटे तक पानी था, पर बहता था. और वो... जहाँ से आया था वहीं मिल गया. अब किसको अलग करके खिलाएगी?”

कोणती रुई कोणत्या शेतातली, तिला आठवलं. तिनं भिंतीकडं पाहिलं. भिंतीवर एक कावळा बसला होता. तिच्याकडं बघत नव्हता, कोणाचाच हरकारा नसल्यासारखा पंख साफ करत होता.

मग बाबा रडायला लागले. म्हणाले, वर्षभर मी संगतीला खोटं सांगितलं. ज्यांच्या घरी माणसं गेली त्या बायांना खोटं सांगितलं. तुझ्या नावावर त्या धीरानं उभ्या राहिल्या. उद्या परत जाऊन सांगतो, की असं काही नव्हतं. एक भूल होती. त्यांनी केशरी कापड उचललं, पण ते परत खांद्यावर टाकावं की ठेवावं हे त्यांना ठरवता येईना.

“थांबा,” मनकर्णाबाई म्हणाली.

ती घरात गेली. कणीक घेतली, तेवढंच तूप, तेवढाच गूळ. कणीक दोनदा मोजली. चूल पेटवली. तूप सुटेपर्यंत भाजायचं, मध्ये हात थांबवायचा नाही, नाहीतर खाली लागतं. ती हलवत राहिली. धूर डोळ्यांत गेला, तिनं पुसला नाही. बाहेर बाबांनी संध्याकाळचं म्हणायला सुरुवात केली होती, अडखळत, नाक ओढत. दोन ओळी, आणि त्यात तो शब्द आला. आवाज खाली आणून, रुसलेल्याला म्हणतात तसा.

“ओ,” ती चुलीपुढून म्हणाली.

बाबा थांबले नाहीत.

तिनं शिरा बाहेर आणला. त्यांनी दोन्ही हात पुढं केले. ती त्यांच्या ओंजळीत ठेवत म्हणाली, “आता सांगा जाऊन. आता खोटं नाई.”

कोनाडा

दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळी रेच्यावर आली. बांगड्या काढून कोनाड्यात ठेवल्या. पार्बताबाईनं आपल्या मनगटाला धागा गुंडाळला. रेचा फिरू लागला. सरकी या बाजूला पडत होती, रुई त्या बाजूला.

“काल तुयाकडं म्हातारा सरदार आलता म्हन्तात,” पार्बताबाई म्हणाली. “काय निरोप? कुठी आहेत तुहे?”

“चढाईवर.”

“अजून? लढाई तर सरली. कवा येतीन?”

मनकर्णाबाई कापूस घालत राहिली. तंतू वर जात होते.

“ते नाई येत आता,” ती म्हणाली. “मलेच जा लागन.”

“कवा?”

“बोलावतीन तवा.”

“जाशील, बाई. बडनेऱ्याकडं रेलच्या रस्त्याले माती टाकून राह्यले. बसून जाशील ऐटीत.”

“हो,” मनकर्णाबाई म्हणाली, आणि किंचित हसली. पार्बताबाईही हसली.

संध्याकाळी रेचे थांबले. एकदम शांत झालं, की उडालेला कापूस खाली बसतानाचा आवाज येईल असं वाटावं. मनकर्णाबाई उठली, पदर झटकला आणि दाराबाहेर पडली.

“मनकर्णे,” पार्बताबाईनं हाक मारली, “बांगड्या राह्यल्या तुह्या.”

“राहू दे.”

ती वळली नाही. पांढऱ्या केसांची, पांढऱ्या खांद्यांची, उन्हाच्या तिरिपेत आळीनं चालत गेली. उजव्या हातात तेवढं कडं होतं.

पार्बताबाईनं कोनाड्यातला कापूस फुंकला. खाली हिरव्या बांगड्या होत्या, दोघींच्या, एकमेकींत अडकलेल्या. आपल्या वेगळ्या काढायला तिनं हात घातला. मग दुसऱ्या हातानं मनगटावरचा धागा सोडायला घेतला, आणि तो तसाच अर्धा सुटलेला चिमटीत धरून उभी राहिली.